सांडणारा वेगळा, झाडणारा वेगळा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत गोणी उचलतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. हा काय कॉम्प्युटरवर बोलणार, असं मागं कुणीतरी पुटपुटलं. बरोबर आहे. प्रोग्राम लिहिता येत नाही मला. पण फुकट राबणं काय असतं ते कळतं, आणि आज बोलायचंय ते त्याच्यावरच.

तुमच्या खिशातल्या मोबाईलच्या पोटात असे कितीतरी प्रोग्राम आहेत, जे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळे सोडलेत. घ्या, वाचा, बदला, वापरा. याला ओपन सोर्स म्हणतात. त्यातलाच एक कर्ल. इंटरनेटवरनं माल इकडचा तिकडे करायचा हे त्याचं काम. म्हणजे आमच्यासारखाच हमाल. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून तो सांभाळतोय; सोबत मूठभर माणसं, बहुतेक बिनपगारी. आज कर्ल अब्जावधी यंत्रांत आहे.

कर्लमधली सुरक्षेची चूक दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी योजना २०१९ ला निघाली. मग एआय आलं. मशीनला म्हणायचं, शोध चूक. मशीन पानंच्या पानं लिहून देतं. भाषा सफाईदार, सगळं कसं पंडितासारखं. आणि ती चूक प्रोग्राममध्ये नाहीच! पाठवणाऱ्याचं काय गेलं? दोन मिनिटं. वाचणाऱ्याचे तास जातात. कारण खोटं म्हणून फेकलं अन् खरं निघालं, तर जगभरची यंत्रं उघडी पडणार. २०२५ च्या मध्याला स्टेनबर्गनं हिशेब मांडला : वीस तक्रारींत खरी जेमतेम एक. जानेवारी २०२६ च्या अखेरीला बक्षीस बंद झालं. वाचून वाचून माणसं थकली.

गोदीत गोणी फुटली की सांडणारा पुढं निघून जातो. झाडू कुणाच्या हातात येतो ते तुम्हाला सांगायला नको. सांडणारा वेगळा, झाडणारा वेगळा, ही वाटणी आपल्याला नवी नाही. आता ती पडद्यावर आलीय एवढंच.

आणि हे मशीन शिकलं कुठं? याच लोकांच्या मोकळ्या लिखाणावर. त्या लिखाणाला बहुतेक वेळा साधी अट असते : वापरा, पण लिहिणाऱ्याचं नाव राहू द्या. गिटहबनं २०२१ मध्ये कोपायलट नावाचं प्रोग्राम लिहिणारं मशीन आणलं. २०२२ च्या नोव्हेंबरात काही प्रोग्रामर अमेरिकेच्या कोर्टात गेले : आमचं घेतलंत, नाव कुठाय? कोर्ट काय म्हणायचं ते म्हणो. माझी ओळ कुणी मोर्चात म्हटली तर मला आनंदच. नाव पुसून विकली तर ती चोरी.

मी यंत्राचा दुश्मन नाही. क्रेन आली, कंटेनर आले. बापाची पाठ वाचली, पण टोळी गेली. दोन्ही खरं. त्याच २०२५ मध्ये एआयच्या मदतीनं शोधलेल्या खऱ्या चुकांची यादीही कर्लकडे आली आणि त्यांनी पटापट दुरुस्त्या केल्या. म्हणजे भांडण मशीनशी नाही. न वाचता दुसऱ्याच्या दारात ओतून जाणाऱ्याशी आहे. आणि त्या कंपन्यांशी आहे, ज्या मशीन विकून पैसा करतात अन् तपासणाऱ्याला दमडी देत नाहीत.

शेवटचं, आपल्या पोरांसाठी. वस्तीतली पोरं आता हे काम शिकतायत. बायोडाटात एक ओळ वाढावी म्हणून मशीनचं न समजलेलं लिखाण पाठवू नका. ओपन सोर्सचा दरवाजा फी मागत नाही, वशिला मागत नाही. असे दरवाजे आपल्या वाट्याला किती आलेत, मोजा. उद्या आतली माणसं घाणीला कंटाळली आणि म्हणाली, ओळखीचेच आत घेऊ, तर बाहेर कोण राहील?

थोडं लिहा, पण स्वतः वाचलेलं लिहा. आणि सांडलं तर स्वतः झाडा.