पडद्यावर सांडलेली चमकी



नागपूरचा मे महिना, दुपारी दोनची वेळ. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर चालू आणि कॉम्प्युटरवर मी एका छोट्या ॲनिमेशनच्या कामात. एकाएकी पडद्यावर चमकी सांडल्यासारखे ठिपके दिसायला लागले. शाळेत हस्तकलेला मुलं वापरतात ना, तशी चमकी. पांढरे, हिरवे, जांभळे ठिपके, क्षणात इथे, क्षणात तिथे. माझं ग्राफिक्स कार्ड एन्व्हिडियाचं जीटीएक्स १०६०, ६ जीबी मेमरीचं, सेकंडहँड घेतलेलं. फेब्रुवारीत मी ते ओव्हरक्लॉक केलं होतं, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायला लागले होते. तीन महिने त्याची काहीच तक्रार नव्हती.

असे ठिपके दिसले की बहुतेकांचा हात आधी ड्रायव्हरकडे जातो. मग विंडोज नव्याने टाकायचं, मग व्होल्टेज वाढवून बघायचं. आज मला एवढंच सांगायचं आहे, की काहीही बदलण्याआधी पडद्याकडे नीट बघा. बिघाड नेमका कुठे आहे ते बऱ्याचदा तिथेच दिसतं.

चिप चुकते म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. कार्डाचं प्रत्येक काम एका ठोक्याच्या तालावर चालतं. २००० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमध्ये वेळ मिळतो अर्धा नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा १५ सेंटिमीटरच जातो, आपली एक वीतही पुरी होत नाही. आणि तेवढ्यात चिपमधल्या सिग्नलला एकामागे एक अनेक ट्रान्झिस्टर पार करून स्थिर व्हायचं असतं. आपण वेग वाढवतो, तेव्हा हा वेळ कमी करतो. सिग्नल स्थिर व्हायच्या आत पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तरच खरं धरलं जातं आणि काम पुढे सरकतं. कंपनीने या वेळेत थोडी सवड ठेवलेली असते, ओव्हरक्लॉकिंग करताना आपण ती वापरतो. ही सवड प्रत्येक चिपला वेगळी असते. म्हणून मित्राच्या कार्डाला मानवलेला आकडा आपल्या कार्डाला मानवेलच असं नाही, कार्ड त्याच मॉडेलचं असलं तरी.

आता सगळ्यात पहिली तपासणी. ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि ते चित्र फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीत तयार झालेल्या चित्राचा असतो. ठिपके त्यात आले असतील, तर चूक कार्डात झाली आहे. चित्र स्वच्छ असेल, तर संशय केबलवर किंवा मॉनिटरवर घ्या. खराब डिस्प्लेपोर्ट केबलमुळेही हुबेहूब अशीच चमकी दिसते. एका केबलसाठी आठ-आठ दिवस कार्डावर आळ घेणारी माणसं मी पाहिली आहेत. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये ठिपके होते.

त्यानंतर चुकीचं रूप बघायचं. कार्डात वेग वाढवता येतो तो दोन ठिकाणी, कोरचा, म्हणजे गणित करणाऱ्या मुख्य चिपचा, आणि मेमरीचा, आणि दोन्हींची चूक साधारण वेगळी दिसते. मेमरी चुकते तेव्हा विखुरलेले रंगीत ठिपके, छोटे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी किंवा भिंतीवरचा पोत मध्येच विस्कटलेला, असं काहीतरी दिसतं. साठवलेली माहितीच बिघडलेली असते. कोर चुकतो तेव्हा आकार बिघडतात. एखाद्या पात्राच्या खांद्यातून लांबलचक सुईसारखा त्रिकोण बाहेर येतो, सावल्या लुकलुकतात, आणि पुष्कळदा चित्र बिघडायच्या आत सगळंच थांबतं. पडदा काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी परत येतो, ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा निरोप दिसतो. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट पाहते आणि ते आलं नाही तर ड्रायव्हर नव्याने चालू करते. अख्खा कॉम्प्युटरच एका क्षणात बंद पडत असेल, तर आधी पॉवर सप्लाय आणि त्याच्या वायरी बघा. ही लक्षणं दर वेळी इतकी सुटी मिळत नाहीत हे खरं, पण सुरुवात कुठून करायची ते त्यांवरून ठरतं.

मग कार्डाचा वेग बदलायचं आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडायचं आणि त्यातले कोर आणि मेमरीचे दोन्ही स्लायडर शून्यावर आणायचे. कार्ड मूळ वेगावर आलं तरी ठिपके राहत असतील, तर प्रश्न ओव्हरक्लॉकिंगचा उरलेला नाही. कधीकधी तर वेग वाढवल्यावरच येणारी चूकही कार्डातल्याच दोषाची असते. २०१६ साली मायक्रॉनची मेमरी असलेल्या काही जीटीएक्स १०७० कार्डांवर मेमरीचा वेग वाढवला की पडद्यावर जाळी यायची. त्यावर कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी नवं बायोस दिलं. २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० टीआय बाजारात आलं, तेव्हा काही कार्डांवर मूळ वेगालाच चित्र फाटायला लागलं. सुरुवातीची काही सदोष कार्डं तपासणीतून निसटल्याचं एन्व्हिडियाने मान्य केलं. अशा वेळी स्लायडरशी झगडण्यात अर्थ नसतो. वॉरंटी असेल तर कार्ड परत करायचं.

माझ्या कार्डावर मेमरी ५०० मेगाहर्ट्झने वाढवलेली होती आणि कोर ८० ने. स्लायडर शून्यावर आणताच ठिपके गेले. मग फक्त कोर ८० वर नेला आणि अर्धा तास हेवन हा कार्डाची कसोटी घेणारा बेंचमार्क चालवला. काही नाही. कोर शून्यावर आणून मेमरी ५०० वर नेली, तर सहा-सात मिनिटांत चमकी हजर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य पाळलं की चोर सापडतो. दोन्ही स्लायडर एकदम हलवले असते, तर मी अजून शोधतच बसले असते.

पण मग फेब्रुवारीत याच आकड्याला काही कसं झालं नव्हतं? आफ्टरबर्नर तापमान ७८ अंश दाखवत होतं. या कार्डाला ते चालतं. कोर तापला तर हे कार्ड आपला वेग साधारण १३-१३ मेगाहर्ट्झने आपणहून खाली आणतं. पण ७८ हा आकडा कोरचा. मेमरीच्या चिप कोरच्या आजूबाजूला वेगळ्या बसवलेल्या असतात, आणि या पिढीच्या कार्डांत त्यांचं तापमान आपल्याला दिसतच नाही. मी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅनचा झोत थेट कार्डावर धरला आणि मेमरी पुन्हा ५०० वर नेली. एक तास गेला, ठिपका आला नाही.

कारण हाती लागलं होतं. कार्ड उघडलं. मेमरीच्या चिप आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक यांच्यामध्ये रबरासारखे मऊ थर्मल पॅड असतात, चिपची उष्णता तेच वर पोचवतात. माझ्या कार्डातले पॅड वाळलेल्या खोडरबरासारखे झाले होते. नखाने दाबले की चुरा व्हायचे आणि कडांना तेलकट डाग. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. माझं कार्ड त्यातलंच होतं का, हे ठरवायला मार्ग नाही, पण पॅड खूप तापून गेलेले होते. सीताबर्डीच्या बाजारातून नवे आणले. इथे एक काळजी घ्या. पॅडची जाडी जुन्याइतकीच हवी. जाड पॅड लावला तर हीटसिंक कोरवरून उचलला जातो, आणि मेमरी वाचवायला जाऊन कोर तापतो.

व्होल्टेज वाढवा, हा सल्ला फार सहज दिला जातो. कोरला त्याने थोडी मदत होते, कारण जास्त व्होल्टेजला ट्रान्झिस्टर आपली स्थिती लवकर बदलतो. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्याच वेगाला व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवलं, तर उष्णता जवळजवळ २१ टक्क्यांनी वाढते. आमच्या उन्हाळ्यात ती न्यायची कुठे? आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा उपाय तर कृपा करून कुणी करू नका. काही दिवस बरं वाटतं, मग तेच दुखणं परत येतं, आणि ज्या ओव्हनमध्ये घरचं अन्न शिजतं त्यात सर्किट बोर्डाची वाफ भरून राहते.

याहून नव्या कार्डांबद्दल एक सांगायला हवं. आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डांची मेमरी वाटेत बिघडलेली माहिती ओळखते आणि पुन्हा पाठवायला लावते. त्यामुळे ठिपके दिसत नाहीत, पण पुन्हा पाठवण्यात वेळ जातो. मेमरीचा वेग वाढवूनही सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम्स कमी व्हायला लागल्या, तर ती मर्यादा ओलांडल्याची खूण समजा. तिथे पडदा स्वच्छ असतो, आकडेच बघावे लागतात. म्हणून दर वेळी २५ मेगाहर्ट्झने वाढवायचं, बेंचमार्कचा गुण वहीत लिहायचा, आणि गुण वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे यायचं. हिवाळ्यात ठरवलेला आकडा एप्रिलमध्ये पुन्हा तपासायचा.

नवे पॅड बसवल्यावर मेमरी ३०० वर ठेवली, आणि त्यानंतरच्या सगळ्या उन्हाळ्यात एकही ठिपका दिसला नाही. पण माझा जीव खालीवर झाला तो दुसऱ्याच गोष्टीने. गेममधला चुकीचा ठिपका सेकंदाच्या साठाव्या भागात पुसला जातो. मी मात्र त्याच कार्डावर ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन रेंडर करत होते, म्हणजे त्याच्या फ्रेम्स फाइलमध्ये काढत होते, आणि रेंडरमधली चूक फाइलमध्ये कायमची बसते. मार्चपासून काढलेल्या १२०० फ्रेम्स मी एकेक करून बघायला बसले. दोन रात्री लागल्या. आठ फ्रेम्समध्ये छोटे काळे चौकोन निघाले, एकेका फ्रेममध्ये एकेक. सलग चालवताना त्यातला एकही मला दिसला नव्हता. सिम्युलेशन करणाऱ्या किंवा एआय मॉडेल शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. त्यांच्या उत्तरात चुकीचा आकडा शिरला, तर तो काळ्या चौकोनासारखा उठून दिसणारही नाही. अशा कामाआधी कार्ड मूळ वेगावर आणा. मी आता रेंडर लावण्याआधी दोन्ही स्लायडर शून्यावर आहेत ना, हे बघूनच उठते.

त्या आठही फ्रेम्स मूळ वेगावर पुन्हा काढल्या. ४१७ नंबरच्या फ्रेममध्ये आजी तुळशीला पाणी घालते आहे. तिच्या पदरावर काळा चौकोन होता, तिथे आता हिरवा काठ दिसतो.