दिवाळीपर्यंतची खोली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत. हयात बँकेत गेली, त्यामुळे वेळेचा हिशोब चुकणार नाही. सोसायटीचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. मी एका भाड्याच्या खोलीबद्दल बोलणार आहे.

साल 1972, जून महिना. आपल्या पालीहून पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन मी एसटीनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला उतरलो. बी.कॉम.ला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात जागा मात्र दिवाळीनंतर मिळणार होती. मराठवाडा विद्यापीठ 1958 सालचं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. आमच्या पिढीला शिक्षण जवळ आलं, पण रात्री पाठ टेकायची कुठं?

चार दिवस औरंगपुरा, पैठण गेट, गुलमंडी पायी फिरलो. रात्री एसटी स्टँडवर झोपायचो. दार उघडलं की पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा, "लग्न झालंय का?" आणि तिसरा, "चारच महिने? मग नको." एका ठिकाणी तर दार न उघडताच आतून आवाज आला, "पोरांना देत नाही."

पाचव्या दिवशी गुलमंडीच्या मागच्या एका जुन्या वाड्यात एक विधवा काकू भेटल्या. त्यांनी एकच विचारलं, "जेवणाचं काय करणार आहेस?" भाडं पंधरा रुपये, अनामत काही नाही. अटी तीन. दिवा दहाला बंद, पाणी जपून वापरायचं आणि गावी जाताना सांगून जायचं. लेखी काही नव्हतं. त्यांच्या वहीत माझं नाव लिहिलं, एवढंच.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्येष्ठांना आठवतच असेल. शेतकरी खडी फोडायला गेले, घरोघरी अमेरिकेची मिलो ज्वारी आली. ईबीसी सवलतीमुळे माझी फी माफ होती, भाडं मात्र कोण माफ करणार? ऑगस्टपासून घरून पैसे येणं थांबलं. तीन महिन्यांचं भाडं थकलं. दिवाळीनंतर वसतिगृहात जाताना मान खाली घालून काकूंसमोर उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "नोकरी लागली की आणून दे. वहीत लिहिलेलं आहे."

1976 साली बँकेत लागलो. पहिला पगार घेऊन वाड्यावर गेलो आणि शंभराची नोट पुढे केली. काकूंनी वही काढली, पंचेचाळीस रुपये घेतले, पंचावन्न परत दिले आणि माझ्या नावावर रेघ मारली. पुढे कितीतरी कर्जप्रकरणांवर सह्या केल्या, पण इतका चोख व्यवहार क्वचित पाहिला.

आता खरी गोष्ट सांगतो. मागं आपल्या सभेत ठराव आला, "विद्यार्थ्यांना व अविवाहितांना घर भाड्यानं देऊ नये." त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आवाज होतो, गाड्या कुठंही लावतात, ही तक्रार खोटी नव्हती. पण पुढच्याच महिन्यात पाठीवर बॅग घेतलेला एक मुलगा गेटवर आला. परीक्षेपुरती, तीन महिन्यांसाठी खोली हवी होती. बीडला कॉलेजात होता. वॉचमननं त्याला ठराव सांगितला. मी तिथंच उभा होतो. काही बोललो नाही. रात्री झोप लागली नाही.

मंडळी, आपली चार घरं कुलूपबंद आहेत. मुलं पुण्या-मुंबईला, तिथं तीही कुणाच्या तरी दारात खोली मागतच असतील. कायदाही स्पष्ट आहे. भाडेकराराची नोंदणी करायची, पोलिसांकडे माहिती द्यायची, सोसायटीला कळवायचं. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आवाज, पार्किंग, पाणी यांचे नियम लिहून द्या, आणि जो मोडेल त्याला काढा. पण मोडायच्या आधीच दार लावू नका.

येत्या वार्षिक सभेत तो ठराव रद्द करावा, असा अर्ज मी सचिवांकडे दिलेला आहे. त्या दिवशी वर केलेला हात मला खाली घ्यायचा आहे. तुम्हीही विचार करा.

दहा मिनिटं संपली.