मत मागायला आलेल्याजवळ आपण काय मागतो?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर निवडणुकीचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. खुलासा आधीच करतो. ही संस्था कोणत्याही पक्षाची नाही आणि मीही येथे कोणाचा प्रचार करावयास उभा नाही. परंतु समोर बसलेल्या बारावीच्या मुलामुलींपैकी कित्येकांना यंदा अठरा वर्षे पूर्ण होऊन मताचा अधिकार मिळणार आहे. गणित आणि विज्ञान आपण त्यांना शिकविले. मत कशासाठी द्यावे, हे मात्र ती घरी, नाक्यावर आणि जमातीच्या बैठकीत आपल्याकडे पाहून शिकतात. आपण त्यांना काय दाखवितो, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. २००४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मी आमच्या गावच्या जमातीचा चिटणीस होतो. एक उमेदवार मोहल्ल्यात येणार असे कळले आणि आदल्या रात्री बैठक बसली. काय मागावयाचे ते ठरले. कब्रस्तानाला चिऱ्यांची संरक्षक भिंत, मस्जिदीकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे आणि बंदराकडच्या रस्त्याला डांबर, अशी यादी मी स्वच्छ अक्षरात लिहून काढली. उमेदवाराने ती वाचली, सर्व मान्य केली आणि मोहल्ल्याने त्याला एकगठ्ठा मते दिली. तो निवडून आला. खरे सांगावयाचे तर त्याने शब्द पाळला. दोन वर्षांत भिंत उभी राहिली आणि आम्ही त्याचा सत्कार केला.

सत्काराहून परत आलो तेव्हा माझी पुतणी ओटीवर बसली होती. गावातली शाळा सातवीपर्यंतची. सातवीत ती पहिली आली होती आणि त्यानंतर घरी बसली होती. हायस्कूल नऊ किलोमीटरवर. शाळा पाच वाजता सुटे आणि परतीची गाडी सातला. अंधार पडल्यावर मुलीला वाटेवर कोण उभी ठेवणार? तिच्यासारख्या आणखी सहा-सात मुली त्या दोन वर्षांत घरी बसल्या होत्या. ती मला म्हणाली, "चाचा, त्या यादीत आमची गाडी का नाही लिहिलीत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. भिंतीला लाखो रुपये लागले. गाडीची वेळ बदलण्यास जवळजवळ काहीच लागले नसते. तरीही ती गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नाही, कारण त्या बैठकीत गाडीची वाट पाहणारे कोणीच नव्हते. मुली नव्हत्या, त्यांच्या आया नव्हत्या. बैठकीत जो बसतो, त्याचीच गरज यादीत येते. उमेदवाराला दोष देता येत नाही. आम्ही मागितले ते त्याने दिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसे मत कशासाठी देतात? मी जे पाहिले त्यावरून चार-पाच कारणे ठळक दिसतात.

पहिले कारण ओळखीचे. माणूस आपला आहे, आपल्या गावचा, आपल्या जमातीचा आहे, सुखदुःखाला धावून येतो. दुसरे कारण कामाचे. दाखला मिळत नाही, रेशनकार्डावर नाव चढत नाही, दवाखान्यात खाट मिळत नाही. अशा वेळी एक फोन करणारा कोणीतरी हवा असतो. शिकलेली मंडळी या कारणाला नावे ठेवतात. मी ठेवणार नाही. ज्याचे कचेरीत कोणी ओळखीचे नाही, त्याला टेबलामागचा माणूस मान वर करूनही पाहत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. गरिबाला पुढारी लागतो तो कचेरी आपले ऐकत नाही म्हणून.

तिसरे कारण पक्षाचे किंवा हवेचे. १९७७ साली देशात अशी हवा उठली की भलेभले पडले. चौथे कारण उघड बोलण्यास आपल्याला संकोच वाटतो. मतदानाच्या आदल्या रात्री जे वाटले जाते, ते. आणि पाचवे कारण भीतीचे. 'अमका आला तर आपले काही खरे नाही, म्हणून तमक्याला द्या.' ही भीती नेहमीच खोटी असते असे मी म्हणत नाही. दंगलीत ज्याचे घर जळाले त्याला, घाबरू नकोस, असे सांगणे सोपे नसते. जीव आणि अब्रू सुरक्षित राहावी ही मागणी तर शाळेच्याही आधीची आहे.

परंतु पालकहो, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्या कारणासाठी आपण मत देतो, तेच कारण निवडून आलेला माणूस जपतो. भिंतीसाठी मत दिले तर पाच वर्षांनी तो दुसरी भिंत बांधील. पाकिटासाठी दिले तर पाकीट जाड करील, आणि व्यवहार पुरा झाला म्हणून पुढे आपले तोंडही पाहणार नाही. ओळखीसाठी दिले तर लग्नाला आणि मयतीला न चुकता येईल. आणि केवळ भीतीपोटी दिले तर त्याला काहीच करावे लागणार नाही. आपली भीती कायम राहिली की त्याचे मतही कायम राहिले. ज्याला केवळ भीतीने मते मिळतात, तो ती भीती का घालवील? म्हणून सुरक्षितता जरूर मागावी. पण तिच्याबरोबर शाळा, दवाखाना आणि रोजगार यांचाही हिशेब मागावा.

हा अधिकार आपल्या हाती कसा आला, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले आणि ते १९४६ च्या निवडणुकांपर्यंत राहिले. मुसलमान उमेदवार, मुसलमान मतदार. तेही सर्व नव्हेत. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीत बसतील तेवढेच. मोलमजुरी करणारा आणि होडीवरचा खलाशी बाहेरच होता. संविधानाने हे सर्व बदलले. मतदारयादी सर्वांची एकच झाली आणि प्रत्येक प्रौढाला एक मत मिळाले. त्या वेळी वयाची अट एकवीस वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ पासून ती अठरा झाली.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदार होते. त्यांपैकी बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून चिन्हे ठेवावी लागली. त्या यादीची एक हकीकत आपल्या भगिनींनी ऐकावी. यादी करणारे दारी आले तेव्हा, मुख्यत्वे उत्तरेकडील प्रांतांत, लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. आज आपल्या घरातील सर्व स्त्रियांची नावे यादीत आहेत. पण मत कोणाला, हे त्यांना कोणी विचारते काय? सकाळी निघताना घरातला पुरुष बोट कोणत्या चिन्हावर ठेवावयाचे ते सांगतो. नाव आले, मत मात्र अजून अमक्याच्या बायकोचेच राहिले. माझ्या यादीत गाडी आली नाही, त्याचे मूळ इथेच होते.

एकच यादी झाल्याने काय साधले, याचे उदाहरण आपल्या कोकणातले आहे. आंबेतसारख्या लहान गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि विधानसभेत श्रीवर्धनमधून निवडून आले. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात मुसलमान शंभरात साडेअकरा आहेत. केवळ आपल्या मतांवर कोणी त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या कारकिर्दीविषयी मते वेगळी आहेत. आरोप झाले आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. परंतु त्यांच्या काळात सुरू झालेली संजय गांधी निराधार योजना अजून चालू आहे. तिच्यातून अनुदान घेणारी विधवा कोणत्या धर्माची, असे कोणी विचारत नाही. आपला माणूस म्हणजे कोण, याचा विचार करताना हे उदाहरण उपयोगी पडावे. जो सर्वांसाठी करतो, त्याचे काम टिकते आणि त्यात आपलाही वाटा येतो.

कायद्याचाही रोख तोच आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतासाठी लाच देणे आणि धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हे भ्रष्ट आचार ठरविले आहेत. मुंबईतील १९९० च्या एका विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही, असा निर्णय दिला. हा नियम दुसऱ्यांना जसा लागू, तसाच आपल्यालाही.

मग मागावयाचे काय? आणि कोणाजवळ? येथे आपला मोठा घोटाळा होतो. आमदाराजवळ गटार मागतो आणि सरपंचाजवळ कॉलेज. पाणी, दिवाबत्ती, गावाची स्वच्छता ही ग्रामपंचायतीची कामे. खेड्यातली प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. हायस्कुलाला तुकडी, शिक्षकांच्या जागा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे विषय राज्य सरकारचे, म्हणून ते आमदाराला विचारावेत. खासदार देशाचे कायदे करतो. स्थानिक विकास निधीतून तो वर्षाला पाच कोटींची कामे सुचवू शकतो. पण केवळ त्या निधीसाठी खासदार निवडणे म्हणजे सोनाराकडून नाल ठोकून घेण्यासारखे आहे. त्याने लोकसभेत आपले कोणते प्रश्न मांडले, हे विचारावे.

काही गोष्टी मात्र कोणाजवळच मागू नयेत. मुलाला नोकरीत मागच्या दाराने लावा, नापासाला पास करा, पोलिसांनी धरलेली मोटारसायकल सोडवा. अशा मागणीने एका घराचे काम होते आणि रांगेत उभा असलेला दुसरा गरीब मागे ढकलला जातो. तो बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

आपल्या दीनमध्ये साक्षीला मोठे स्थान आहे. साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायानेच द्यावी, अशी सूरह निसामध्ये शिकवण आहे. अमानत तिच्या हक्कदाराच्या हाती द्यावी, असेही तेथे सांगितले आहे. मत ही एक साक्षच होय. हा माणूस या कामास लायक आहे, असे आपण पडद्याआड एकट्याने सांगतो. खोटी साक्ष देण्यास आपण कचरतो. पाकीट घेऊन मत देताना का कचरू नये?

शेवटी तीन साध्या सूचना करतो. पहिली विद्यार्थ्यांसाठी. अठरा वर्षे पूर्ण होताच सहा नंबरचा अर्ज भरून यादीत नाव नोंदवा. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. उमेदवाराने अर्जासोबत दिलेले शपथपत्र वाचा. मालमत्ता, शिक्षण आणि चालू खटले त्यात लिहिलेले असतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते वाचून दाखवा.

दुसरी सूचना पालकांसाठी. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांची मुले आहेत, त्यांनी त्या समितीत जाऊन बसावे. पाच वर्षांतून एकदा मत देऊन आपले काम संपत नाही.

तिसरी सूचना जमातीच्या मंडळींसाठी. उमेदवार येणार असेल तेव्हा यादी जरूर करा. पण ती करताना मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलवा. जो कोणी येईल, त्या प्रत्येकाला तीच यादी द्या आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पाच वर्षांनी तो परत आला की ती त्याच्यासमोर धरा.

आमच्या गावच्या गाडीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. काही वर्षांनी गावातल्या बायकांनीच सह्या आणि अंगठे गोळा केले. अर्ज घेऊन त्या आगारात गेल्या, दोनदा रिकाम्या हाती परतल्या, तिसऱ्यांदा त्याच आमदाराला बरोबर घेऊन गेल्या. गाडी साडेपाचला सुटू लागली. माझ्या पुतणीला तिचा उपयोग झाला नाही. तोवर तिचे लग्न झाले होते. तिची मुलगी आज या शाळेत नववीत शिकते. मघाशी निबंधाचे बक्षीस घेताना आपण तिला पाहिले आहे. चार वर्षांनी तिला मताचा अधिकार मिळेल. त्या वेळी आपल्या मोहल्ल्याची यादी तिला विचारून तयार व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.