रविवारची अकराची उपासना

अमेरिकेतील बॉस्टन विद्यापीठाच्या आवारात, चार्ल्स नदीपासून जवळच, मार्श चॅपेल नावाचे प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर आहे. १९५० साली ते उपासनेसाठी खुले झाले. दर रविवारी सकाळी अकरा वाजता तेथे उपासना होते. ऑर्गनचे स्वर, गायकवृंदाची स्तोत्रे, बायबलचे वाचन, प्रवचन आणि प्रार्थना असा तिचा सर्वसाधारण क्रम. मुंबईच्या प्रार्थनासमाजाची रविवारची उपासना ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वातावरण अगदीच परके वाटणार नाही.

तथापि गावातील मंदिर आणि विद्यापीठातील मंदिर यांत एक भेद आहे. गावातल्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी येतात. विद्यापीठात दर चार वर्षांनी मंडळी बदलते. शिवाय येथे येणारा विद्यार्थी कोणाच्या धाकाने येत नाही. एके काळी अमेरिकन विद्यापीठांत उपासनेला हजर राहण्याची सक्ती असे. हार्वर्डने ती १८८६ साली उठविली, येलने १९२६ साली. मग घरापासून दूर राहणारा हा तरुण आपण होऊन का येतो? त्याला उपासना हवी असते, आणि तितकीच उपासनेनंतरची संगतही. ख्रिस्ती लोक या संगतीला सहभागिता म्हणतात.

या सहभागितेची कसोटी लागते ती शेजारच्या बाकावर. रविवारी सकाळचे अकरा ही अमेरिकेतील सर्वांत विभागलेली घटका होय, असे मार्टिन ल्यूथर किंग खेदाने म्हणत. गोरे आपल्या मंदिरात, काळे आपल्या. एकाच प्रभूच्या दारी हा पंक्तिप्रपंच!

१९५३ साली मार्श चॅपेलचे प्रमुख म्हणून हॉवर्ड थर्मन आले. प्रामुख्याने गोऱ्यांच्या असलेल्या अमेरिकन विद्यापीठात असे पद लाभलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती. १९३५-३६ साली ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या निमंत्रणावरून ते सपत्नीक हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथे येऊन गेले. कोलंबोस त्यांचे व्याख्यान झाल्यावर एका गृहस्थाने त्यांना रोखठोक विचारले, की ज्यांनी तुमच्या पूर्वजांना विकले ते ख्रिस्तीच होते. मग तुम्ही त्यांचा धर्म कसा सांगता?

फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीस त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीविषयी बारकाईने विचारपूस केली आणि गुलामांच्या भक्तिगीतांपैकी एक ऐकविण्याची इच्छा दर्शविली. पाहुण्यांनी ते गाइले. वधस्तंभाचे ते गीत आणि अहिंसेचा तो उपासक यांची गाठ त्या दिवशी पडली.

कोलंबोचा प्रश्न थर्मन यांनी जन्मभर उराशी बाळगला. येशू हा स्वतः परसत्तेखाली दबलेल्या दरिद्री लोकांपैकी एक होता. त्याचा धर्म निराळा आणि त्याच्या नावाने हुकमत गाजविणाऱ्यांचा धर्म निराळा, हे उत्तर त्यांनी १९४९ साली ग्रंथरूपाने दिले. परंतु ग्रंथावर ते थांबले नाहीत. १९४४ सालीच सॅन फ्रान्सिस्कोस त्यांनी एका गोऱ्या सहकाऱ्यासह सर्व वर्णांच्या लोकांचे एकत्र उपासनामंदिर स्थापन केले होते. पुढे बॉस्टनला १९६५ पर्यंत हेच कार्य त्यांनी विद्यार्थ्यांमध्ये केले. त्यांच्या उपासनेत मौनाला मोठे स्थान असे. शब्द आले की पंथ येतात, वाद येतात. मौनात मात्र निरनिराळ्या धर्मांची माणसे सहज एकत्र बसू शकतात.

याच विद्यापीठातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५५ साली डॉक्टरेट मिळविली. चॅपेलसमोरच्या चौकात त्यांच्या स्मरणार्थ १९७५ साली उभारलेले शिल्प आहे. पन्नास पक्ष्यांचा थवा आकाशाकडे झेपावतो आहे.

श्रोतेहो, आपल्याकडेही विद्यालयांतून प्रार्थना होतात, वसतिगृहांतून पंगती बसतात. प्रार्थनेत आपण सर्वांच्या कल्याणाची याचना करतो. प्रार्थना आटोपल्यावर शेजारी कोण बसला आहे हे पाहून आपण सरकून जागा करतो, की आवरून घेतो? कोलंबोच्या त्या गृहस्थाचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.