पाणी मोजावे कसे?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मुळशीला पावसाची वाण नाही. ताम्हिणीच्या अंगाला तर आषाढ-श्रावणात तो झोडपून काढतो. पण डोंगर काळ्या कातळाचा. पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. होळी झाली की झरे आटू लागतात आणि वाड्यावस्त्यांवरच्या बायका हंडे घेऊन उतार उतरू लागतात. समोर धरण चकाकत असते! ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला, त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्यास उतरून वीज देते.

आता कोणत्या घरची अडचण मोठी, हे ठरवावे कसे? कागदावर ‘नळ आहे’ असे लिहिले की मोजणी संपते. पण घरात चूल आहे म्हणून ‘पोटे भरली’ असे कोणी लिहिते का?

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे माप धरले. पाच माणसांच्या घरास २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे १८ हंडे. एका खेपेस दोन हंडे धरले तरी ९ खेपा. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या मोजणीत चांगल्या साधनावरून पाणी आणण्यास, रांग धरून, ३० मिनिटांपर्यंत लागली तर ती मूलभूत सोय समजतात. अशा ९ खेपांचे साडेचार तास झाले! एवढी सवड कोणाजवळ आहे? मग बाई खेपाच कमी करते. प्रथम तुटते ते तिच्या अंघोळीचे पाणी, मग संडासाचे. बांधलेल्या संडासाला कडी लागते, ती आळसाने नव्हे.

म्हणून माझी एक विनंती आहे. चैत्र-वैशाखात प्रत्येकीने आपल्या आळीत आठ दिवस वही ठेवावी. खेपा किती, वेळ किती, हंडा कोणी उचलला, शाळेतल्या मुलीने की दिवस गेलेल्या सुनेने; पिण्याचे पाणी स्वच्छ होते का, संडासाला उरले का, एवढे लिहावे. उंचावरचे, टोकाचे घर आधी लिहावे. सरासरी मात्र काढू नये; सरासरीत वाडीची तहान गावठाणाच्या टाकीत बुडून जाते. ती वही ग्रामसभेपुढे ठेवू या. आपले कष्ट आपणच मोजले नाहीत, तर दुसरे कोण मोजणार?