आलेल्या टपालाची पारख



ओळखीच्या माणसाचे पत्र आपण निःशंक मनाने उघडतो. यात गैर काही नाही. समाजाचा सारा व्यवहार विश्वासावरच चालतो. परंतु मे २००० मध्ये याच विश्वासाने जगभरातील लक्षावधी संगणकांचा घात केला. ४ मे रोजी फिलिपाइन्समधून निघालेला एक ई-मेल जगभर पसरला. विषय होता ‘आय लव्ह यू’. सोबतच्या फाइलीच्या नावाअखेरीस ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर, असे दिसे. त्यापुढचे खरे शेपूट होते ‘व्हीबीएस’, म्हणजे संगणकाला आज्ञा देणारी फाइल. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत ते झाकलेले राही. ती उघडताच छायाचित्रे पुसून त्या जागी स्वतःची प्रत लिही आणि आउटलुकच्या पत्तावहीतील प्रत्येकाला तेच प्रेमपत्र धाडी. पत्र मित्राच्याच संगणकावरून येई. फक्त ते मित्राने लिहिलेले नसे!

तेव्हा पाठविणाऱ्याचे नाव पाहून भागत नाही. आत काय आहे ते पाहिले पाहिजे. अँटिव्हायरस हेच काम करतो. त्याचे एक नाके टपाल घेणाऱ्या सर्व्हरवर असते, दुसरे आपल्या संगणकावर. तो झिपची गाठोडी सोडतो, आतील फाइली ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहतो आणि संशयित फाइल अलग ठेवतो. पहारेकरी जागा आहे की झोपला, हे पाहण्यासाठी ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइलही आहे.

परंतु पहारेकरी सर्वज्ञ नव्हे. ‘आय लव्ह यू’ नवा होता. त्याची खूण आधीच्या याद्यांत असणार कोठून? आजचे अँटिव्हायरस फाइलीच्या वर्तनावरूनही अंदाज बांधतात, तरी परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केलेली झिप त्यांना सहसा उघडता येत नाही. शिवाय कित्येक फसव्या पत्रांत फाइलच नसते. असतो तो केवळ एक दुवा आणि बँकेच्या नावाने दिलेला धाक. तेथे पणाला लागते ती कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: विषाणूंची यादी नित्य अद्ययावत ठेवावी, पहारा बंद करू नये, आणि अनपेक्षित फाइल आली तर मित्राला फोन करून विचारावे. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. कदाचित त्याच्या घरात शिरलेल्या चोराची पहिली वर्दी त्याला आपल्याकडूनच मिळेल.