रुखवतातला टेबलक्लॉथ आणि सोफ्यावरच्या उशा
(गणेशोत्सवातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू झाले, ते मी ऐकले. गाडीच्या डब्यांची दुरुस्ती करणारा डिप्लोमावाला माणूस उशांच्या अभ्र्यांवर काय बोलणार? पण मंडळी, पत्रा असो की कापड, मोजून कापायचे आणि वाया कमी घालवायचे, हे काम एकच आहे.

आपल्यापैकी बहुतेक घरांत एक ट्रंक अशी असते, की ती प्रत्येक बदलीत ट्रकवर चढते आणि नव्या क्वार्टरमध्ये न उघडताच पलंगाखाली जाते. तिच्यात रुखवतात मांडलेला भरतकामाचा टेबलक्लॉथ असतो, जोडीचे सहा नॅपकिन असतात, क्रोशाचे रुमाल असतात. गावाकडचे मोठे टेबल मागे राहिले, इथले टेबल लहान, म्हणून ते कापड अंथरले जात नाही. कापायलाही मन धजत नाही. मग आपण म्हणतो, जपून ठेवले आहे.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. वर्षानुवर्षे घडी एकाच जागी पडते आणि तिथला धागा तुटत जातो. खळ तशीच राहिली असेल तर कसर लागते. खडगपूरच्या पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात, ट्रंकेच्या गंजाचे डाग पडतात. जपलेले कापड शेवटी घडीवरच फाटते.

रेल्वेत एखादी वस्तू कंडेम करायची तर आधी तपासणी होते. घरात मात्र हळदीचा एक डाग पडला की टेबलक्लॉथ थेट कंडेम! म्हणून पहिली पायरी तपासणीची. कापड धुऊन खळ काढून टाका. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, घाबरू नका. ओलेच कापड कडक उन्हात घाला, उन्हाने हळद फिकी पडते. वाळल्यावर ते खिडकीसमोर उजेडात धरा, विरळ जागा लगेच दिसतात. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी उभे आणि आडवे, दोन्हीकडून ताणून पाहा. टर्रकन आवाज आला तर तेवढा भाग बाद. घड्यांच्या रेघा आणि टेबलाच्या कडेवर घासणारी रेघ कमजोर असते. खाली लोंबणारा भाग सहसा सर्वांत चांगला निघतो, कारण त्यावर ना कधी ताट ठेवले, ना कुणी कोपर टेकले.

आता मापे. सोफ्यावरची 16 इंची चौकोनी उशी धरू. तिच्या अभ्र्याला एकच सलग पट्टी पुरते, 17 इंच रुंद आणि 38 इंच लांब. पुढची बाजू 16, मागची बाजू 16, एकावर एक येणारा भाग 4 आणि दोन्ही टोकांच्या दुमडीला एकेक इंच, असे 38 झाले. रुंदीत दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. टोके दुमडून टीप मारा. सुलट बाजू आत ठेवून पट्टी लिफाफ्यासारखी दुमडा, टोके 4 इंच एकावर एक येऊ द्या आणि दोन्ही कडांना सरळ टीप घाला. उलटवले की अभ्रा तयार. चेन नको, बटण नको, काजे नको. शिवणयंत्र नसेल तर कोपऱ्यावरचा टेलर या सरळ टिपा सहज मारून देईल. आतली उशी अभ्र्यापेक्षा इंचभर मोठी घ्या, म्हणजे कोपरे रिकामे लोंबत नाहीत.

सहा आसनी टेबलक्लॉथ साधारण 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब असतो. पट्ट्या सरळ लांबीत आखल्या तर रुंदीत तीन आणि लांबीत दोन, असे सहा अभ्रे निघतात. आता कापड न बदलता आखणी बदला. पाच पट्ट्या आडव्या घ्या. त्यात 90 पैकी 85 इंच लांबी आणि 60 पैकी 38 इंच रुंदी लागते. उरलेल्या 22 इंचांच्या पट्ट्यात आणखी दोन पट्ट्या उभ्या बसतात. सात अभ्रे झाले! वर्कशॉपमध्ये पत्र्याचे भाग आखताना आम्ही हेच करतो. म्हणून कात्री हातात घेण्याआधी कागदावर आखा. मात्र कापडावर भरतकाम असेल तर सातच्या मोहात पडू नका. तिथे आधी नक्षी मध्ये येईल अशी पट्टी आखायची, मग संख्या मोजायची.

नॅपकिनचे काम याहून सोपे. 18 इंची दोन नॅपकिन सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजूंनी शिवा आणि चौथ्या बाजूला टिचबटणे लावा. तिथली दुमड तयारच असते. क्रोशाचे काम मात्र कधीही कापायचे नाही. एक धागा तुटला की सगळे उसवत जाते. तो रुमाल आहे तसा गडद रंगाच्या साध्या अभ्र्यावर टाचायचा, त्याची जाळी तिथेच खरी उठून दिसते.

कापड विरळ झाले असेल तर मागे जुन्या सुती साडीचे अस्तर लावून सगळीकडून बारीक धावदोरा घाला. आपल्या आज्यांनी गोधडी अशीच शिवली आणि इथल्या आज्यांनी कांथा. बंगालात उशीच्या अभ्र्याची कांथा वेगळी, पांघरुणाची वेगळी, पोथ्या-पुस्तके गुंडाळायची वेगळी. पूर्वी तिचा दोराही जुन्या साडीच्या काठातून ओढून काढत. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कामाचा आज एवढा मान आहे, त्याची सुरुवात जुनेर टाकून द्यायचे नाही एवढ्याच विचारातून झाली.

खर्चाचे म्हणाल तर मुख्य खर्च आतल्या उशीचा, आणि तो एकदाच. उशा त्याच, अभ्रे मात्र ऋतूप्रमाणे बदलायचे. उन्हाळ्यात पांढऱ्या नॅपकिनचे. पावसाळ्यात, गणपतीपासून दुर्गापूजेपर्यंत, पातळ सुती आणि गडद रंगाचे, कारण ते लवकर वाळतात आणि मळखाऊ असतात. थंडीत अस्तर लावलेले जाड. असे तीन जोड असले की वर्षभर बैठक नवी दिसते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमच्याकडे मॅटीवर फुलीच्या टाक्याने भरलेला एक टेबलक्लॉथ होता. आईने लग्नाआधी भरलेला. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे तसे काम पुन्हा होणे नाही. कात्री लावायला घरात कुणीच तयार नव्हते. शेवटी तिलाच विचारले. तिने कापड सतरंजीवर पसरायला लावले आणि खडू मागून घेतला. फुलांची परडी मध्ये आली पाहिजे, हा मोर कापायचा नाही, असे सांगत तिने स्वतः खुणा केल्या. एका कोपऱ्यावर हात फिरवून म्हणाली, "हे तिरके टाके मावशीचे. तिला घाई फार. हा तुकडा तिला पाठव." ते कापड मी लहानपणापासून पाहत आलो, पण त्यात मावशीचाही हात आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. त्या कापडाचे चारच अभ्रे झाले. तीन आमच्याकडे आहेत, चौथा मावशीकडे गेला.

मंडळी, मला सांगायचे आहे ते एवढेच. उशा बाजारातही मिळतात. पण कोणता टाका कुणाचा, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर ट्रंक उघडा. त्यांनी "कापू नका" म्हटले तर कापू नका. घडी बदलून, खळ न घालता ठेवा. पण विचारा जरूर.

आणि एक सूचना. दरवर्षी आपण मंचावरच्या बैठकीच्या उशा भाड्याने आणतो. दुर्गापूजेनंतर एखाद्या रविवारी प्रत्येक घराने एक जुना टेबलक्लॉथ किंवा दोन नॅपकिन घेऊन यावे. मोजपट्टी, खडू आणि आखणीचे कागद मी आणतो. पुढच्या वर्षी पाहुणे मंचावर बसतील तेव्हा पाठीशी आपल्याच घरांतले भरतकाम असेल. येताना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मात्र बरोबर आणा, कारण खुणा त्यांनी करायच्या आहेत.

 गणपती बाप्पा मोरया!